सहकाऱ्यासोबत भागीदारीत व्हीएमसी टाकावी का? (अंबड, नाशिक)

टूलरूम_अंबड:
मी आणि माझा सहकारी अंबड एमआयडीसीत एकाच कंपनीत. मी टूलरूमला (साचे-हत्यारं बनवतो), तो व्हेंडर डेव्हलपमेंटला (बाहेरचे पुरवठादार शोधतो). भाड्याच्या गाळ्यात एक व्हीएमसी (धातूचे भाग कापणारं संगणकचलित मशीन) टाकून जॉबवर्क, म्हणजे इतर कंपन्यांचं काम, करायचा विचार आहे. मशीन, टूलिंग, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर मिळून कोटेशन ३८ लाख. दोघांचे दहा-दहा लाख, बाकी १८ लाख कर्ज. तो लगेच राजीनामा देणार, मी वर्षभर नोकरीतच. नफा निम्मा-निम्मा. माणसाबद्दल शंका नाही. कागदावर काय काय हवं?

गाळा_सातपूर:
कागदाआधी आकडे बघा. तुमच्या ३८ लाखांत खेळतं भांडवल कुठे आहे?

१८ लाख, साडेदहा टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता ३८,७०० च्या आसपास. दोन शिफ्ट, २५ दिवस म्हणजे ४०० तास. सेटिंग, पहिला पीस पास होणं, मालाची वाट यात तास जातात, म्हणून हाती २६० धरा. ताशी ४०० रुपयांनी बिल झालं १,०४,०००. त्यातून हप्ता, भाडं २२,०००, दोन ऑपरेटर ३६,००० गेले की उरले ७,३००. वीज, इन्सर्ट (कापायची पाती), कूलंट, रिजेक्शन सगळं त्यातच. (दर मी धरलेत, तुमचे टाकून बघा.) मग राजीनामा दिलेल्याचं घर कशावर चालणार? भांडण नफ्यावरून नंतर होतं, आधी यावरून होतं.

एक शिफ्ट भागीदाराने स्वतः चालवली तर १८,००० वाचतात. पण मशीन येतं तुम्हाला, आणि गाळ्यात बसणार तो! तुमचा बेत नेमका उलटा आहे.

बिलाचे पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. फर्मची उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योग नोंदणी) पहिल्याच आठवड्यात करा. कायद्याने कमाल ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पुढचा पीओ (खरेदी ऑर्डर) थांबेल म्हणून छोटे व्हेंडर ते सहसा मागत नाहीत, म्हणून चार महिन्यांचा खर्च, साडेचार-पाच लाख, वेगळा ठेवाच.

हिशेबनीस:
वरच्या मुद्द्याला जोडून. नफा निम्मा ठेवा हवा तर, पण कामाचा पगार वेगळा लिहा. डीडमध्ये (भागीदारीच्या करारात) पगाराचा उल्लेख नसेल तर भागीदाराला कामाबद्दल काहीच मागता येत नाही, आणि प्रमाण लिहिलं नसेल तर नफा-तोटा समान. हे १९३२ चा भागीदारी कायदाच सांगतो.

करासाठी पगार फक्त कार्यरत भागीदाराचा खर्चात धरतात, तोही डीडमध्ये रक्कम किंवा सूत्र असेल तरच, आणि डीडच्या तारखेपासून पुढचा. म्हणजे नोकरीत असेपर्यंत तुम्हाला पगार दाखवू नका. भांडवलावर व्याज १२ टक्क्यांपर्यंत चालतं, ते दोघांना.

पगाराची मर्यादा: पहिल्या ६ लाख पुस्तकी नफ्यावर (भागीदारांचा पगार वजा करण्याआधीचा नफा) ३ लाख किंवा ९० टक्के, जे जास्त ते, त्यापुढे ६० टक्के. महिना ३५,००० म्हणजे वर्षाचे ४,२०,०००. तोटा झाला तर त्यातले ३ लाखच खर्चात धरले जातील. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराचा पगार-व्याज वर्षाला २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. पैसे न काढता नुसते भांडवल खात्यात जमा केले तरी! हे बऱ्याच जणांचं राहून जातं.

कोर्ट_रोड:
डीडमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान बाहेर पडण्याचं. मुदत लिहिली नाही तर ती इच्छाधीन भागीदारी. एकाच्या लेखी नोटिशीने फर्म विसर्जित करता येते. एक भागीदार वारला तर, उलट काही ठरलं नसेल तर, फर्म संपते. दोघांचीच फर्म असल्याने मागे उरणारा एकटाच, तेव्हा धंदा त्याने घ्यायचा आणि वारसांना किती हप्त्यांत द्यायचं ते लिहा.

किंमत कशी धरायची? ३० लाखांचं मशीन १५ टक्के घसाऱ्याने तीन वर्षांनी पुस्तकात साधारण १८.४ लाख. बाजारात वेगळीच किंमत येईल. पुस्तकी, व्हॅल्युअरची, की दोन जुन्या मशीनवाल्यांच्या कोटेशनची सरासरी, हे आजच ठरवा. त्यातून शिल्लक कर्ज वजा.

फर्म नोंदवा. नोंदणी नसेल तर थकलेल्या बिलासाठी दावाच लावता येत नाही. आणि निवृत्त होणाऱ्याने जाहीर सूचना दिली नाही तर पुढच्या देण्यांनाही तो बांधील राहतो. बँकेचं तर वेगळंच: डीडमध्ये काहीही लिहा, बँकेने लेखी मोकळं करेपर्यंत दोघेही पूर्ण कर्जाला जबाबदार, निम्म्याला नाही.

एलएलपीत (मर्यादित दायित्वाची भागीदारी) इतर देण्यांपासून घर वाचतं, पण कर्जाला बँक वैयक्तिक हमी घेतेच. वर दरवर्षी फॉर्म ११ (वार्षिक विवरण) ३० मेपर्यंत, फॉर्म ८ (हिशेब) ३० ऑक्टोबरपर्यंत भरा.

टूलरूम_अंबड:
अदलाबदल करून बघतो, मी बाहेर आणि तो आत. पहिलं काम आमच्याच कंपनीकडून येईल असं तो म्हणतो.

गाळा_सातपूर:
मग तर आणखी जपून. व्हेंडर डेव्हलपमेंटमधला माणूस स्वतःच्या फर्मला काम देतोय, यावर नोकरी जाते. नेमणूकपत्रात दुसऱ्या व्यवसायाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा आणि लेखी परवानगी घ्या. लपवून चालणार नाही. व्हेंडर कोड उघडताना डीड आणि जीएसटी प्रमाणपत्र मागतात, दोन्हींत भागीदारांची नावं असतात. परवानगी नाही मिळाली तर पहिला ग्राहक सिन्नर-दिंडोरीकडे शोधा. आणि कंपनीची ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेऊन निघू नका.