अथेन्समधला 'स' कुठून आला?

'अथेन्स'मधला 'स' इंग्रजांनी उगाच चिकटवला, असं काही जण म्हणतात. उगाच नाही, तो अनेकवचनाचा आहे. प्राचीन ग्रीकमध्ये शहराचं नावच अनेकवचनी होतं : अथेनाई. थीबाई, डेल्फोई हीसुद्धा तशीच. आपल्याकडे संस्कृतात देशांची नावं पञ्चालाः, कलिङ्गाः अशी अनेकवचनात घेत, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात एके ठिकाणी हेच नाव एकवचनी येतं, आणि आजचे ग्रीक लोकही 'अथिना' असं एकवचनच वापरतात.

लॅटिनमध्ये ते झालं अथेनाए. तिथली खरी मजा विभक्तीत आहे. शहराच्या नावाला शब्दयोगी अव्यय लागत नाही : 'अथेनास' म्हणजे अथेन्सला, 'अथेनीस' म्हणजे अथेन्समध्ये किंवा अथेन्सहून, संदर्भ बघून ठरवायचं. 'घर'ही याच पंगतीतलं. 'दोमी' म्हणजे घरी. आपली 'ई' प्रत्ययाची सप्तमीसुद्धा 'घरी', 'गावी' अशाच मोजक्या शब्दांत टिकून आहे की!

व्युत्पत्तीबद्दल मात्र जरा जपून. देवी अथेना आणि शहर यांत कोणाचं नाव कोणावरून, हा वाद जुना आहे. मला शहर आधी हे जास्त पटतं, कारण मुकेनाई या ग्रीक शहराच्या नावातही तोच स्थळनामांचा '-एन-' प्रत्यय दिसतो आणि तो ग्रीकपूर्व भाषेतला मानतात.