मदत हवी आहे: आमच्या भागात डीमार्ट आणायचं आहे, अर्ज कुठे करायचा?

बायपासकर:
चार कॉलन्यांच्या सह्या तयार आहेत, माजी नगरसेवकांचं पत्रही आहे. कंपनीला मेल टाकले, उत्तर नाही. कुणाकडे थेट नंबर असेल तर द्या. 'ऑनलाइन मागवा' कृपया सांगू नका.

गटनंबर:
शहर कोणतं? जागा आहे की नुसत्याच सह्या?

बायपासकर:
संभाजीनगर, आणखी कोणतं. सातारा परिसर. जागेचं कंपनी बघेल ना!

गटनंबर:
घोडं तिथंच अडलंय. ही कंपनी शक्यतो जागा विकत घेते, नाहीतर 30 वर्षांहून लांबचं लीज करते. सह्यांनी काही होत नाही, जागामालकाचा प्रस्ताव गेला पाहिजे. सलग दीड-दोन एकर, म्हणजे 60 ते 80 गुंठे धरा. पार्किंग, माल उतरवायची जागा, आगीसाठी पाण्याची टाकी, सगळं त्यातच बसवायचं. 32 फुटी गाडी मागे घेऊन वळली पाहिजे.
मालकाकडून आधी हे काढून घ्या: 7/12, 8अ, जुने फेरफार, मोजणीची 'क' प्रत, झोन दाखला आणि वकिलाचा 30 वर्षांच्या मालकी-व्यवहारांचा सर्च रिपोर्ट. 7/12 वर भोगवटादार वर्ग 2 असेल, म्हणजे परस्पर विकता न येणारी जमीन असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आला. खिदमतमाश इनाम, म्हणजे देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन, निघालं तर नादच सोडा. आपल्याकडं निजामकाळापासूनची ही भानगड आहे, चांगले चांगले प्लॉट याच्यातच अडकतात.

शेअरदादा:
त्यापेक्षा शेअर घ्या. 2017 साली आयपीओ 299 रुपयांना आला होता.

वसुधा_क:
धागा कशाचा, उत्तर कशाचं!

गाळेवाला:
दोन एकर सलग त्या भागात मिळणं अवघड. लहान सुपरमार्केट बघा, रिलायन्स स्मार्ट पॉइंटसारखं. त्यांना तळमजल्यावर काही हजार चौरस फूट पुरतात, तेही भाड्यानं. मात्र मधे खांबांची गर्दी नको, थ्री फेज वीज पाहिजे आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिजेच. सातारा-देवळाईत बरंच बांधकाम गुंठेवारीतलं, म्हणजे विनापरवाना पाडलेल्या गुंठा-गुंठा प्लॉटवरचं, तिथंच फाइल परत येते. 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय 2021 च्या दुरुस्तीनं झाली आहे. मालकानं पैसे भरून नियमित केल्याचं प्रमाणपत्र घेतलंय का, ते आधी विचारा.
आणि फेसबुकवर 'डीमार्ट फ्रँचायझी' म्हणून कुणी टोकन मागितलं तर एक रुपयाही देऊ नका. ही कंपनी फ्रँचायझी देतच नाही.

मोंढा_कट्टा:
कशाला पाहिजे डीमार्ट? 30 घरं गोळा करा, महिन्याची यादी एक करा आणि माल जाधववाडीच्या मोंढ्यातून, म्हणजे घाऊक बाजारातून उचला. घरटी 5 किलो साखर म्हणजे 50 किलोचे 3 कट्टे, 2 किलो तूरडाळ म्हणजे 30 किलोचे 2 कट्टे. डाळ लातूरची फटका (वरच्या प्रतीची) घ्या. कट्टा फोडायच्या आधी तळातली मूठभर काढून बघा, वरवर माल चांगलाच दिसतो. तेलाचा डबा फोडत बसू नका, वाटपात गळती होते आणि भांडणं लागतात. पाकीटबंदच घ्या. पैसे आगाऊ. उधारी सुरू झाली की गट मोडला समजा. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून असंच वाटप करते.

वसुधा_क:
आणि साबण, पावडर, बिस्किटं? मोंढ्यात एक खोका घ्यावा लागतो. 30 घरांचे 30 ब्रँड.

मोंढा_कट्टा:
ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून घ्या की. मोठं दुकान आलं की तो आधी बसतो. महिनाअखेरीला वहीवर माल देणारा तोच आहे.

गाळेवाला:
त्याच्याकडं पार्किंग नाही आणि एमआरपीवर एक रुपया सोडत नाही. लोक जातात त्याचं कारण हे आहे.

गटनंबर:
भांडण नंतर करा. बायपासकर, कुणी जागा देणारा आहे का?

बायपासकर:
आहे. कॉलनीच्या मागं साडेतीन एकर, 7/12 वर पाच भावंडांची नावं. चौघं तयार आहेत, पाचवी बहीण पुण्याला. रस्ता 9 मीटर आहे, चालतो का?

गटनंबर:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं की! पाचवी सही झाल्याशिवाय प्रस्ताव पाठवू नका. वाटपाचा दावा लागला तर कंपनी लगेच मागं सरते. आणि रस्ता जागेवर किती आहे ते नाही, विकास आराखड्यात किती दाखवलाय ते सांगा. नगररचना विभागात भाग नकाशा मिळतो. त्यात 18 मीटर किंवा जास्त असेल तरच पुढं बोलू.