पंजा मोजून क्यूचं हँडल ठरत नाही

आठ_नंबर_काळी:

परवा इथे 'मापात_पाप_नको' यांनी पूलच्या क्यूचं (बॉल मारायच्या काठीचं) हँडल किती जाड घ्यावं याचा तक्ता टाकला होता. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पंजा मोजा. १७ सेंमीच्या आत असेल तर बट (क्यूचा मागचा, हातात धरायचा भाग) तळाला ३० मिमी जाड, १९ पर्यंत ३१, त्यापुढे ३२. कस्टम क्यू बनवून घेताना एवढाच आकडा सांगा, टेपर (पुढे बारीक होत जाणारा उतार) कारागीर बघून घेईल. त्याखाली लोकांनी नुसतं 'वा वा, सेव्ह केलं' लावलंय. मला ते वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी असंच एका आकड्यावर क्यू करून घेतला. "जाडच घे, कमी करता येतं, वाढवता येत नाही," असं मला सांगण्यात आलं. मी ३२ सांगितले. क्यू आला, दिसायला देखणा, पण सरळ रेषेतले सोपे पॉट (बॉल पॉकेटात घालणं) चुकायला लागले. महिनाभर मी स्वतःलाच दोष दिला. मग एका रविवारी डायनिंग टेबलावर क्यू आडवा ठेवला, दर दोन इंचांवर पेन्सिलीची खूण केली आणि व्हर्नियरने मापं घेतली.

तळाला ३२ मिमी. जॉइंटला, म्हणजे बट पुढच्या काठीला जोडतो तिथे, २१.५. बटची लांबी २९ इंच. म्हणजे इंचामागे साधारण ०.३६ मिमी उतार. आता बघा, माझी उंची पाच फूट दोन इंच. ब्रिज (पुढच्या हाताचा टेकू) करून खाली वाकले आणि कोपराखालचा हात सरळ लोंबता ठेवला की माझी मूठ तळापासून १० इंचांवर येते. तिथे क्यू भरला २८.४. माझा दीर सहा फुटी, तो चार इंचांवर धरतो, त्याला तिथे ३०.५ मिळतात. क्यू एकच, पण आमच्या दोघांच्या हातात दोन वेगळी हँडलं. ज्या ३२ चे मी पैसे मोजले, तिथे रबरी बंपर आहे. तिथे कुणाचाच हात जात नाही!

आणि ते ३२ फुकट जात नाहीत. ३० चे ३२ केले की त्या भागात लाकूड सुमारे १४ टक्के वाढतं, कारण हिशेब व्यासाच्या वर्गाचा असतो. माझ्या बटला एबनीचं (आबनूस) लाकूड, म्हणजे आधीच जड. तोल तळापासून १७ इंचांवर गेला. बऱ्याच पूल क्यूंचा तो १८-१९ वर असतो. टिपेकडची (पुढच्या टोकाकडची) बाजू हलकी पडली आणि फॉलो-थ्रूला (फटक्यानंतर क्यू पुढे जाताना) क्यूचं नाक वर उचलायला लागलं. हातात बारीक, वजनात जाड, दोन्हीकडून तोटा.

मग पार्लरमधला एक साधा क्यू घेतला आणि रंगारी वापरतात ती कागदी टेप गुंडाळत गेले. एका थराने व्यास पाव मिमीच्या आसपास वाढतो. आठवडाभर रोज एक थर, कधी पुढे, कधी मागे. शेवटी कळलं की मला १० इंचांवर २९.५ हवेत आणि ६ ते १४ इंचांमध्ये जाडी जवळपास बदलायला नको. स्ट्रोक मागे घेताना बोटं उघडतात, पुढे जाताना मिटतात, आणि लांब शॉटला मी मूठ दोन-तीन इंच मागे नेते. उतार जास्त असेल तर दर वेळी मुठीत नवीन काहीतरी येतं. दुसऱ्या क्यूसाठी कारागिराला तीन आकडे दिले: तळाला ३०.५, १० इंचांवर २९.५, १४ इंचांवर २९. तेव्हापासून हातात काय आहे याचा विचारच करावा लागत नाही.

म्हणून सांगते, पंजा मोजू नका. आधी मूठ कुठे पडते ते बघा.

मापात_पाप_नको:

ताई, तक्ता पहिल्यांदा क्यू घेणाऱ्यांसाठी होता. त्यांच्याकडे व्हर्नियर नसतो आणि आठवडाभर टेप गुंडाळायला वेळही नसतो. माझ्या नावासकट धागा काढण्याआधी एक निरोप टाकला असता तर मी उत्तर दिलं असतं.

आणि जाडी महत्त्वाची आहेच. बाइकवरून पडून माझ्या उजव्या करंगळीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर बारीक बट धरला की तिसऱ्या फ्रेमला (डावाला) तळव्यात गोळा यायचा, कारण बारीक वस्तू माणूस आवळून धरतो. ३२ वर गेलो आणि मूठ आपोआप सैल राहायला लागली. हे माझ्या हाताने अनुभवलेलं आहे. तुम्हाला पुस्तकी वाटत असेल तर वाटू द्या.

आठ_नंबर_काळी:

पुस्तकी म्हटलं नाही. तुम्ही तळापासून किती इंचांवर धरता?

मापात_पाप_नको:

मोजलेलं नाही. मागेच धरतो, उंच आहे मी.

आठ_नंबर_काळी:

मग तुम्हाला तुमच्या ३२ मधले निदान तीस तरी मिळतात. मला २८.४ मिळाले. तुमच्या तक्त्यात या फरकाला जागाच नाही, माझं म्हणणं एवढंच आहे.

जुना_मार्कर:

क्लबात ३४ वर्षं मार्कर (टेबलं आणि गुण सांभाळणारा) होतो, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. स्नूकरचा क्यू अ‍ॅशचा, टिप साडेनऊ मिमी, बट २९ ते ३०. माणूस तो अगदी मागे धरतो, मूठ तळाच्या जवळ. बटला एका बाजूला चपटा कातरा असतो, बोट लागलं की क्यू दर वेळी त्याच अंगाने हातात आला हे कळतं. कुणी कधी पंजा मोजायला आलं नाही. नवीन पोरगा आला की आम्ही भिंतीवरचे चार क्यू हातात द्यायचो, म्हणायचो, डोळे मीट आणि दहा वेळा झुलव. ज्यात मनगट फिरत नाही तो तुझा.

आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, १९६४ ला पुन्हा. त्या पिढीने मिमीचे तक्ते लावले नव्हते. आणि मनातलं सांगतो, माझ्या क्लबात दोन बारा फुटी टेबलं काढून पूलची ठेवली, त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. त्या टेबलांचं कापड मी रोज पहाटे ब्रश केलं होतं.

न्यू_जर्सीचा_बाळ्या:

काका, तुमच्या टेबलांचं वाईट वाटलं, खरंच. पण पूलचा क्यू वेगळा आहे. मी इथे एका छोट्या कारागिराकडे दर शनिवारी मदतीला जातो, तिथलं सांगतो.

बट एकसंध नसतो. पुढचा फोरआर्म, मधलं हँडल, मागची स्लीव्ह, असे तीन तुकडे जोडतात. लेथवर एकदम अंतिम मापाला आणत नाहीत. थोडं कातायचं, आठवडे टांगून ठेवायचं, लाकूड हललं का बघायचं, मग पुन्हा कातायचं. "जाड घे, नंतर कमी कर" म्हणणाऱ्याने हे पाहिलेलं नाही. तयार क्यू पुन्हा कातला तर फिनिश जातं, रॅपची (हँडलवरच्या गुंडाळीची) खाच उथळ होते आणि फोरआर्मवरची नक्षीची टोकं आखूड होतात. नक्षीच्या खाचा तिरक्या कापलेल्या असतात, जॉइंटकडे सर्वांत उथळ. वरून अर्धा मिमी काढला की टोकं इंचाने मागे सरकू शकतात, आणि चारही सारखी मागे येतील याची खात्री नाही.

काळीताईंचे तीन आकडे बरोबर आहेत, पण एक राहिलं. मागे सपाट ठेवलंत की उरलेला उतार पुढच्या १५ इंचांत येतो, इंचामागे अर्धा मिमी. जॉइंटच्या मागे क्यू बारीक होत गेला की तिथली लवचीकता वाढते आणि फटक्याचा आवाज बदलतो. सगळ्यांना ते आवडत नाही. सरळ उताराचा बट कडक लागतो म्हणून काही जण मुद्दाम तोच मागतात.

आठ_नंबर_काळी:

हे मान्य. माझा नवा क्यू ब्रेकला (डावाच्या पहिल्या जोरदार फटक्याला) मऊ लागतो, तो दोष मी लाकडावर ढकलत होते.

कोकणी_पाऊस:

इथे मिमीवरून भांडण चाललंय आणि जून ते सप्टेंबर हाताला घाम येतो त्याचं काय? माझा क्यू लिनन रॅपचा. पहिल्या पावसाळ्यात दोरा चपटा आणि चकचकीत झाला, दुसऱ्या पावसाळ्यात काळा. मूठ सरकायला लागली की माणूस आवळतो. मग २९ काय आणि ३२ काय!

ठाण्याचा_ब्रेक:

लिनन काढून टाका. उघडं लाकूड घ्या, ओला रुमाल फिरवला की काम झालं.

कोकणी_पाऊस:

उघड्या लाकडावर लॅकर असतं, त्याला ओला हात चिकटतो. दोन वर्षं वापरून सांगतोय.

मापात_पाप_नको:

चामड्याचं रॅप.

कोकणी_पाऊस:

चामड्याला माझ्याकडे बुरशी आली. पिशवीतून काढलं तर पांढरे ठिपके.

ठाण्याचा_ब्रेक:

पावडर लावा मग.

जुना_मार्कर:

पावडरचं नाव काढू नका. ती टेबलावर सांडते, दमट हवेत कापडात बसते आणि बॉल ओढल्यासारखा चालतो. दमट कापड मुळात सुस्त असतं, म्हणून तर मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली हीटर असतात. पावडर लावणाऱ्यांनी माझी किती कापडं खाल्ली!

ठाण्याचा_ब्रेक:

मग पार्लरवाल्याने एसी लावावा. तासाचे पैसे घेतो, चार टेबलं भरल्याशिवाय एसी सुरू करत नाही. गेल्या जुलैत मी भांडून पैसे परत मागितले, तर म्हणाला, "घाम येत असेल तर घरी खेळा."

कोकणी_पाऊस:

आमच्याकडेही तेच. बाहेर धो धो पाऊस, आत पंखा आणि भिंतीला उभे केलेले क्यू. सप्टेंबरपर्यंत एकही सरळ राहत नाही. टेबलावर लोळवला की टिप वरखाली नाचते.

जुना_मार्कर:

भिंतीला तिरका टेकवला तर बाक येणारच. क्यू आडवा ठेवा नाहीतर उभा टांगा. इतकं साधं सांगूनही ऐकत नाहीत, आणि हजारो रुपयांचा क्यू करून घेतात. तुम्ही पूलवाल्यांनी खेळाची शिस्तच घालवली.

ठाण्याचा_ब्रेक:

काका, सरसकट सगळ्यांना बोलू नका. मी माझा क्यू केसमध्ये, कपाटात आडवा ठेवतो. शिस्त बारा फुटी टेबलावरच शिकता येते असं नाही.

जुना_मार्कर:

ठेवत असशील तर तुला बोललो नाही.

आठ_नंबर_काळी:

पावसाळ्याचा मुद्दा खरा आहे, पण तो जाडीच्याच विरुद्ध जातो. हात ओला झाला की जाड बटवर बोटं पूर्ण मिटत नाहीत, क्यू तळव्यावर तरंगतो. मी जुलैत टेपचा एक थर कमी करून खेळून पाहिलं, मूठ सरकणं थांबलं.

मापात_पाप_नको:

माझ्या करंगळीचा अनुभव मी मागे घेत नाही. पण आज संध्याकाळी मोजलं. मूठ तळापासून पाच इंचांवर, तिथे ३०.२. म्हणजे मला बरा वाटणारा आकडा ३२ नव्हताच, हे मान्य करावं लागतंय. तक्ता काढणार नाही, लोकांनी सेव्ह केलाय. वर एक ओळ घातली आहे: 'माप तळाचं नव्हे, मूठ पडते तिथलं घ्यावं.' ओळ तुमची आहे, नाव तुमचं घातलेलं नाही.

आठ_नंबर_काळी:

नाव नको. पंजाचा रकाना काढून उंचीचा घाला.

मापात_पाप_नको:

उंचीचा घालतो. पंजाचाही राहील.

कोकणी_पाऊस:

चामड्याची बुरशी कशाने जाते ते कुणी सांगेल का?