शेळीच्या दुधाचं दही कवडी का लागत नाही?

प्रश्न
उस्मानाबादी शेळ्यांचं दूध आहे. उकळी आणून, कोमट करून लिटरला दोन चमचे विरजण लावतो. आठ तासांत आंबट होतं, पण चमचा घातला की ताकच. त्याच विरजणाने म्हशीचं दही सुरीने कापावं असं लागतं. फॅट कमी पडतंय का?

उत्तर १
फॅट नाही, केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. आंबट होतंय म्हणजे विरजण ठणठणीत आहे. म्हशीच्या दुधात प्रथिनं सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, शेळीच्या नि गाईच्या साधारण सव्वातीन. तरी गाईचं बरं लागतं, कारण तिच्या केसीनमध्ये अल्फा-एस१ नावाचा प्रकार भरपूर असतो आणि दही धरून ठेवणारी प्रथिनांची जाळी घट्ट विणायला तोच कामी येतो. शेळीत तो कमी, काही शेळ्यांत तर जन्मजात जवळपास नसतोच. म्हणून दूध एकत्र करण्याआधी एकेकीच्या दुधाची वेगळी वाटी लावून बघा.

उत्तर २
नुसती उकळी पुरत नाही. ८५ अंशांवर अर्धा तास ठेवा. एवढ्या उष्णतेत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे निवळीतलं प्रथिन उलगडून केसीनच्या कणांना चिकटतं. नाहीतर ते निवळीबरोबर वाहून जातं. पसरट पातेल्यात लिटरचं पाऊण लिटर आटवलंत तर प्रथिनं म्हशीच्या बरोबरीला येतात. घाई असेल तर लिटरला ३० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं वाढली. ४२ अंशांला विरजण लावा आणि मग भांड्याला हात नको. अर्धवट लागलेल्या दह्याला धक्का बसला की निवळी सुटते, जाळी पुन्हा जुळत नाही. एवढं करूनही म्हशीसारखी वडी पडेलच असं नाही.

प्रश्नकर्ता
पावडर गाईच्याच दुधाची ना? दही मागणाऱ्यांच्या मुलाला गाईचं दूध सोसत नाही.

उत्तर ३
मग आधी सोसत नाही म्हणजे काय ते विचारा. त्रास लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, असेल तर ते शेळीच्या दुधातही साडेचार टक्क्यांच्या घरात असतं. दही लागताना थोडंच कमी होतं. अॅलर्जी प्रथिनांची असेल तर पावडर सोडाच, शेळीचं दहीही देऊ नका. गाय, म्हैस, शेळी यांची केसीनं इतकी सारखी आहेत की अशा बहुतेक मुलांना शेळीचं दूधही बाधतं. चमचाभर चाटवून बघणं हा तर धोकाच, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

लोक मग उंटिणीच्या दुधाकडे वळतात. गाईच्या दुधात अॅलर्जी आणणारं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन त्यात नसतं, आईच्या दुधातही नसतं. पण तेच नाही म्हटल्यावर वरची ८५ अंशांची युक्ती तिथे चालत नाही, कापा-केसीन हा केसीनचा प्रकारही फार थोडा. त्याचं दही शेळीपेक्षा पातळ.