विंडोज ११ साठी चालता पीसी मोडीत काढायचा का?

छापखाना_मिरज:
आमचं लग्नपत्रिका-हँडबिलांचं काम. मशीन चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचं, एसएसडी (वेगवान डिस्क) टाकल्यापासून मस्त पळतंय. पण विंडोज ११ घेत नाही. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा जीव पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलाय. सगळ्या जुन्या पत्रिका त्यात, जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) नेल्या की रफार आणि जोडाक्षरं एकेक तपासत बसावं लागतं. ‘सौ. उर्मिला’चा रफार जागेवरून हलला तर पाहुण्यांना तोंड कसं दाखवायचं? ऐन लग्नसराईत या बदलाला हात घालू का?

रिपेअरवाला:
दादा, आत्ता अजिबात नको. जुन्याचं नेट काढा, त्यावर फक्त पेजमेकर ठेवा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट लावू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप, मेल, बँकेसाठी सेकंडहँड आठव्या पिढीचं घ्या.

नितीन_के:
रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत) बदल करून ११ बसतं की!

रिपेअरवाला:
बसतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. धंद्याच्या मशीनवर मी करणार नाही.

छापखाना_मिरज:
पटलं. नेट आजच काढतो. सेकंडहँड मशीन बघतो आणि नव्या पत्रिका त्यावर युनिकोडमध्येच करतो. जुन्या फायलींचा बॅकअप मात्र आधी, दोन वेगळ्या डिस्कवर.