विषय: योकोहामा फेरी – माहितीपत्रकाचा मसुदा

प्रेषक: स्मिता

नमस्कार मंडळी,

योकोहामाच्या फेरीची नावनोंदणी छान झाली आहे. आधी यामाशिता पार्कातलं भारतीय व्यापाऱ्यांनी बांधून दिलेलं कारंजं, मग यामातेची टेकडी आणि तिथलं परदेशी लोकांचं कबरस्तान, असा क्रम ठरलाय. १९२३ च्या भूकंपात योकोहामाकरांनी तिथल्या भारतीयांना आधार दिला, त्याची कृतज्ञता म्हणून हे कारंजं उभं राहिलं. तेवढा भाग लिहून तयार आहे.

टेकडीवर ब्रिटिशांच्या खुणा जागोजागी आहेत, म्हणून ब्रिटन-जपान संबंधांवर एक परिच्छेद घालावा म्हणते. मसुदा असा: "विल्यम ॲडम्स हा इंग्रज खलाशी १६०० मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागला, तेव्हापासून या दोन बेटांची मैत्री आहे. दुसऱ्या महायुद्धात तिच्यात खंड पडला, पण ती पुन्हा जुळली."

काही सुचवायचं असेल तर गुरुवारपर्यंत कळवा. शुक्रवारी छपाईला द्यायचं आहे.

स्मिता

प्रेषक: अनिरुद्ध

स्मिताताई,

कारंज्याचा मजकूर वाचला, मनापासून आवडला. पण ब्रिटन-जपानचा परिच्छेद असाच छापू नये, असं मला कळकळीनं वाटतं. मैत्री म्हटलं की हिशेबाची बाजू झाकली जाते, आणि त्या हिशेबात आपला देश होता.

ॲडम्स आला तो डच जहाजातून. १६१३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं हिरादोला वखार घातली आणि १६२३ मध्ये तोट्यापायी गाशा गुंडाळला. पुढची दोनशे वर्षं संबंध जवळजवळ नव्हतेच. मध्येच १८०८ मध्ये 'फेटन' नावाची ब्रिटिश युद्धनौका डच निशाण लावून नागासाकीत घुसली, माणसं ओलीस धरून अन्नपाणी उकळलं आणि निघून गेली. तिला अडवता आलं नाही म्हणून तिथल्या बुग्योनं, म्हणजे शहराच्या कारभाऱ्यानं, सेप्पुकू केलं, पोट चिरून जीव दिला.

आपण ज्या कबरस्तानात जाणार आहोत तिथे चार्ल्स रिचर्डसन या ब्रिटिश व्यापाऱ्याची कबर आहे. १८६२ मध्ये योकोहामाजवळ नामामुगीला, सात्सुमा संस्थानाच्या शिमाझु हिसामित्सूची मिरवणूक तोकाइदो या हमरस्त्यावरून चालली होती. रिचर्डसन आणि त्याच्याबरोबरचे तिघे घोड्यांवरून तिच्यात शिरले, आणि सामुरायांनी रिचर्डसनला कापून काढलं. ब्रिटननं शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारकडून एक लाख पौंड वसूल केले. सात्सुमानं आपल्या वाट्याचे पंचवीस हजार द्यायला नकार दिला, तेव्हा १८६३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश आरमारानं सात्सुमाच्या कागोशिमा शहरावर तोफा डागल्या. शहराचा मोठा भाग जळाला. पण त्याच सात्सुमानं दोन वर्षांत आपली पोरं चोरून लंडनला शिकायला धाडली! परदेशी जाणं तेव्हा जपानी माणसाला गुन्हा होता. ज्याच्या तोफेनं आपलं शहर जाळलं त्याच्याचकडे ती तोफ शिकायला जायचं, हा निर्णय घेणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता १९०५ कडे येतो, कारण पत्रकात हे वर्ष यायलाच हवं. त्या मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी नौसेनापती तोगोनं रशियाचं आरमार बुडवलं. एका आशियाई देशानं युरोपातल्या महासत्तेला लोळवलं, या बातमीनं आपल्याकडेही माणसं हरखून गेली. तोगोचं प्रशिक्षण इंग्लंडमध्ये झालेलं होतं. त्याची युद्धनौका 'मिकासा' इंग्लंडातल्या बॅरोच्या गोदीत विकर्स कंपनीनं बांधलेली, आणि तिच्याबरोबर लढलेल्या 'शिकिशिमा', 'असाही', 'फुजी' याही ब्रिटनमध्येच बांधलेल्या. 'मिकासा' आजही योकोसुकाला आहे, योकोहामाहून ट्रेननं सहज जाता येतं. १९०२ च्या करारानं ब्रिटन आणि जपान दोस्त झालेच होते. १२ ऑगस्ट १९०५ ला, म्हणजे त्सुशिमानंतर तीन महिन्यांत, तो करार नव्यानं झाला आणि त्यात हिंदुस्थान आला. हिंदुस्थानच्या सरहद्दीजवळ आपली मालमत्ता राखायला ब्रिटन जे करील त्याला जपानची मान्यता, आणि कोरियात जपान जे करील त्याला ब्रिटनची. आपले लोक ज्या जपानच्या विजयाचे पेढे वाटायला निघाले होते, त्या जपाननं आपल्या पारतंत्र्यावर सही केली होती, आणि कोरिया त्याच कागदावर गेला. पाच वर्षांत कोरिया जपाननं गिळला.

ही कलमं कागदावरच राहिली नाहीत. १५ फेब्रुवारी १९१५ ला सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या हिंदी शिपायांनी बंड केलं. ते मोडायला जपानी युद्धनौकांवरचे नौसैनिक उतरले आणि सिंगापुरातले जपानी रहिवासीही बंदुका घेऊन उभे राहिले. बंडातल्या कित्येकांना तुरुंगाच्या भिंतीपाशी लोकांसमोर गोळ्या घातल्या. बरोबर सत्तावीस वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९४२ ला, तेच सिंगापूर ब्रिटिशांनी जपान्यांच्या हवाली केलं.

त्याच १९१५ मध्ये ब्रिटिशांना हवे असलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानात आले. ब्रिटिशांनी दबाव आणला आणि दोस्ती सांभाळायला जपान सरकारनं त्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला. तोयामा मित्सुरू या वजनदार राष्ट्रवादी पुढाऱ्यानं त्यांना गुपचूप हलवलं, आणि तोक्योतल्या शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्यानं आपल्या आवारात लपवून ठेवलं. आपल्यातले बरेच जण तिथे करी खाऊन आले आहेत. सरकारचं वागणं आणि एका बेकरीवाल्याच्या घरचं वागणं यांतलं हे अंतर पत्रकात यावं.

अनिरुद्ध

प्रेषक: वैशाली (ओसाका)

अनिरुद्धदादा, मी अकोल्याची, त्यामुळे कापसाचं राहिलं असं म्हणणारच!

१८९३ पर्यंत मुंबई-जपान वाहतूक पी अँड ओ ही ब्रिटिश बोट कंपनी आणि तिच्या सोबतच्या कंपन्यांच्या मुठीत होती. त्या वर्षी जमशेटजी टाटांच्या पुढाकारानं निप्पॉन युसेन काइशा या जपानी बोट कंपनीनं कोबे-मुंबई बोटी सुरू केल्या. पी अँड ओनं भाडं पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, पण त्या टिकल्या. आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांत जायचा. अमरावतीच्या नावावरून त्याला व्यापारात 'उमरा' म्हणायचे.

मग तेच जपानी कापड इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांच्या जिवावर उठलं. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं ब्रिटिश सोडून बाकी परदेशी सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली, ब्रिटिश कापडावर मात्र २५. यात मुंबईच्या गिरण्यांचीही मागणी होती, हे सांगायला हवं. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेणं थांबवलं. भांडण मँचेस्टर, मुंबई आणि ओसाकाचं, आणि भाव पडायची धास्ती वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला. १९३४ मध्ये तडजोड झाली: जपाननं आपल्या कापसाच्या दहा लाख गाठी घेतल्या तर साडेबत्तीस कोटी वार कापड इथे आणता येईल, पंधरा लाख घेतल्या तर चाळीस कोटी. गाठींना वार बांधून दिलेला तो सौदा होता. पत्रकात दोन ओळी तरी द्या.

वैशाली

प्रेषक: माधवकाका

चि. स्मिता आणि सर्व मंडळी,

अनिरुद्धनं लिहिलंय ते योग्य आहे. माझी एक विनंती. होदोगायाला राष्ट्रकुलाची युद्धदफनभूमी आहे, तिथे फेरी न्यावी. जपानात कैदेत मेलेले ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन तिथे आहेत, आणि हिंदी सैनिकांचा वेगळा विभाग आहे.

मी मराठा पलटणीच्या कुटुंबातला, म्हणून हेही सांगतो. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला चौथ्या मराठ्यांनी गुरख्यांच्या जोडीनं जपान्यांना रोखून धरलं. पाणी संपलेलं, खडकाळ जमिनीत खंदक नीट खणता येईनात. त्यांनी काढलेल्या त्या दिवसांमुळे कोहिमाला तयारीचा अवधी मिळाला. त्याच इंफाळच्या आघाडीवर जपान्यांच्या बाजूनं आझाद हिंद फौजेत लढणारेही आपलेच लोक. युद्धानंतर पहिली मराठा पलटण ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेतून इथे जपानात पहाऱ्यालाही आली होती. त्या हिंदी ब्रिगेडचे प्रमुख होते थिमय्या, पुढे ते आपले सरसेनापती झाले. तीनही ठिकाणच्या माणसांचा उल्लेख एकत्र यावा, कोणाला वगळू नये.

माधवकाका

प्रेषक: स्मिता

काका, अनिरुद्ध, वैशाली,

जुना परिच्छेद रद्द. पत्रक एका पानाऐवजी दुमडलेलं चार पानी करते. १९०५ चा करार आणि सिंगापूर आतल्या पानावर, कापूस कारंज्याच्या मजकुराला जोडून, कारण दोन्हीकडे व्यापारीच आहेत. नाकामुरायाला वेगळी चौकट.

होदोगाया टेकडीपासून लांब आहे. सकाळी आधी तिथे जाऊ आणि मग यामाशिताला. लहान मुलं असलेल्यांनी थेट कारंज्यापाशी भेटावं. अनिरुद्ध, तुझा मजकूर तीनशे शब्दांत बसव, कागोशिमाचा भाग काढू नकोस. काका, सांगशाकचं तुम्ही होदोगायालाच उभं राहून सांगाल का? मग पत्रकात थोडक्यात देते.

स्मिता