मदत हवी आहे: तक्त्यात २४ अँपिअर, मग २० चा एमसीबी चूक कसा?

नवा_वायरमन: वायरिंगचे नियम शिकतोय. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरला तक्त्यात २४ अँपिअर क्षमता आहे. गणितात २० चा एमसीबी (जादा करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) धरला तर उत्तर चूक म्हणे. २० कमीच आहे ना २४ पेक्षा? लवकर सांगा, पुढचं सगळं अडलंय.

फेजन्यूट्रल: तांबं की अ‍ॅल्युमिनियम? वायरीचं आवरण पीव्हीसी की एक्सएलपीई? पाइपात किती सर्किटं? तापमान किती? लोड किती?

चारचीवायर: चार स्क्वेअर एमएम टाका, विषय संपला.

लीकेज३०: त्याआधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का बघा. जीव तीच वाचवते.

फेजन्यूट्रल: आरसीसीबी गळती बघते, ओव्हरलोड नाही. फेजमधून ४० गेले आणि न्यूट्रलमधून ४० परत आले की तिच्या लेखी सगळं आलबेल. त्याने विचारलंय काय, तुमचं चाललंय काय!

नवा_वायरमन: तांबं, पीव्हीसी, सिंगल फेज. भिंतीतल्या एकाच पाइपात तीन सर्किटं, ४० अंश. लोड ३ किलोवॅटचा हीटर. अर्थिंगची वायरपण मोजायची का?

तक्तेवाला: अर्थिंग मोजायची नाही, तिच्यातून नेहमीचा करंट जात नाही. आयईसी ६०३६४-५-५२ या आंतरराष्ट्रीय मानकातला तो २४ हा एकट्या सर्किटचा, ३० अंशांचा. ४० अंशांना ०.८७ ने गुणा, तीन सर्किटांना ०.७० ने. उरतात १४.६. लोडचा करंट ≤ एमसीबी ≤ वायरीची उरलेली क्षमता, ही साखळी कुठेच तुटता कामा नये. हीटर १३ घेतो, म्हणजे २० सोडाच, १६ सुद्धा बसत नाही. आणि चारचीवायर, तुमच्या चारचेही ३२ वरून १९.५ होतात. २० तिथेही नापास.

जुना_फ्यूज: पुस्तकी हिशोब. अडीचवर वीस सर्रास असतो, काही जळत नाही.

तक्तेवाला: लगेच जळत नाही, तेच वाईट. २० चा एमसीबी १.१३ पटीला, म्हणजे २२.६ अँपिअरला, तासभर पडत नाही. पडायची हमी १.४५ पटीला, म्हणजे २९ ला, तीही तासाभरात. तोवर १४.६ ची वायर पीव्हीसीच्या ७० अंशांच्या मर्यादेवर तापत राहते. पीव्हीसी कडक होऊन तडकतं, आणि पाइपात असल्याने दिसतही नाही.

फेजन्यूट्रल: तिसरं सर्किट कशाचं आहे?

नवा_वायरमन: दिव्यांचं. दीडची वायर, ३०० वॅट.

फेजन्यूट्रल: हे आधी सांगायचं ना! गटात धरून उरलेल्या स्वतःच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहून जास्त करंट ज्यात जाणार नाही, ते सर्किट बाकीच्यांसाठी मोजलं नाही तरी चालतं. दीडला १७.५ × ०.८७ × ०.७० = १०.७, त्याचे ३० टक्के ३.२. दिवे घेतात १.३. मग उरली दोन सर्किटं, गुणक ०.८०. २४ × ०.८७ × ०.८० = १६.७. १६ चा एमसीबी बसला. वायरची लांबी किती? व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत होणारी व्होल्टेजची घट, बघायची राहिलीय.

चारचीवायर: ड्रॉपसाठी तरी चार घ्या.

लीकेज३०: आरसीसीबीचं काय ठरलं?